केबल, वायफाय, हॉटस्पॉट आणि व्हीपीएन असलेल्या लिनक्स लॅपटॉपवरील डीएनएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपला पावसाळ्यात एकाच दिवशी तीन-चार वाटा बदलाव्या लागतात. सकाळी फायबरच्या राउटरची केबल असते, दुपारी फांदी पडून तार तुटली की फोनचा हॉटस्पॉट लावावा लागतो, संध्याकाळी म्हापशाला गेल्यावर एखाद्या कॅफेचे वायफाय मिळते, आणि या सगळ्यांवर ऑफिसचे व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट, असते. वाट बदलली की पहिली अडचण बहुधा डीएनएसची येते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हड (नावांचे पत्ते शोधून देणारी सेवा, पुढे नुसते ‘रिझॉल्व्हड’) हे दोन्ही असलेल्या लॅपटॉपसाठी आहेत, उबंटू १८.०४ व फेडोरा ३३ आणि त्यांच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये हीच व्यवस्था मुळात असते. रिझॉल्व्हड नसलेल्यांनी प्रश्न १४ आधी वाचावा. कमांड, फाइल आणि पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत व रोमन आकड्यांत टाइप करावीत.

१. डीएनएस म्हणजे नेमके काय, आणि लॅपटॉपला त्याची गरज का पडते?

आपण साइटचे नाव टाइप करतो, पण नेटवर्कला आकड्यांचा आयपी पत्ता लागतो. नाव देऊन पत्ता मिळवण्याच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पूर्वी सगळ्या यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये असत आणि तिची प्रत जो तो उतरवून घेत असे. यंत्रे वाढल्यावर ते अशक्य झाले, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ही विभागलेली व्यवस्था आखली, आणि आजही लागू असलेली तिची मूळ मानके १९८७ मध्ये निघाली. त्या जुन्या फाइलचा वारसा आपल्या लॅपटॉपवर /ईटीसी/होस्ट्स या रूपात अजून आहे, आणि तिच्यात लिहिलेले नाव मिळाले तर पुढे कोणत्याही सर्व्हरला सहसा विचारले जात नाही.

२. वायफायचे चिन्ह पूर्ण दिसते, पण साइट उघडत नाही. दोष लाइनचा की डीएनएसचा?

टर्मिनल उघडून आधी १.१.१.१ या पत्त्याला ‘पिंग’ (समोरून उत्तर येते का ते पाहणारी कमांड) करावे आणि मग एखाद्या साइटच्या नावाला करावे. पत्त्याकडून उत्तर आले आणि नावाला ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असा संदेश आला, तर लाइन चालू आहे आणि दोष डीएनएसचा आहे. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असे आले तर मात्र डीएनएसच्या सेटिंगला हात लावू नये. लॅपटॉपला बाहेर जाण्याची वाटच मिळालेली नाही. काही कार्यालयांच्या नेटवर्कवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असते, त्यामुळे तेथे ही चाचणी फसवू शकते. अशा वेळी प्रश्न ४ मधील कमांड वापरावी.

३. /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल बदलली, तरी वायफाय बदलले की माझे सेटिंग नाहीसे होते. असे का?

कारण ही फाइल आता सेटिंग ठेवण्याची जागा राहिलेली नाही. ती उघडून पाहिली तर तिच्यात बहुधा १२७.०.०.५३ हा एकच नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएस सर्व्हर, दिसेल. हा पत्ता आपल्याच लॅपटॉपचा आहे: तेथे रिझॉल्व्हड बसलेला असतो, प्रत्येक प्रोग्रामचा प्रश्न तो स्वतःकडे घेतो, आणि कोणत्या जोडणीच्या कोणत्या सर्व्हरला विचारायचे हे ठरवतो. मूळ फाइल /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह या फोल्डरमध्ये असते आणि आपल्याला दिसतो तो तिच्याकडे नेणारा दुवा असतो. फाइलच्या वरच्या ओळींतच ती हाताने बदलू नये असे लिहिलेले आहे.

यावर चॅटर कमांडने फाइलला कुलूप घालण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. कृपया तो करू नये. मी एकदा तो केला होता. काही महिन्यांनी मडगावच्या एका लॉजमध्ये वायफायचे लॉगिन पान माझ्या लॅपटॉपवर काही केल्या येईना. शेजारच्या टेबलावरचा फोन मात्र त्याच वायफायवर व्यवस्थित चालत होता. राउटर बंद-चालू करून झाले, लॅपटॉप दोनदा रिस्टार्ट झाला, आणि शेवटी एलएसअॅटर कमांड चालवल्यावर त्या फाइलच्या नावापुढे ‘आय’ हे कुलपाचे एक अक्षर दिसले. डीएनएसचे सेटिंग लॅपटॉपचे नसते, ते त्या त्या जोडणीचे असते. म्हणून ते जोडणीच्या प्रोफाइलमध्येच, म्हणजे त्या जोडणीच्या साठवलेल्या सेटिंगमध्येच, लिहावे. त्याची रीत प्रश्न ६ मध्ये आहे.

४. कोणती जोडणी सध्या कोणता डीएनएस वापरते आहे, हे कसे पाहावे?

‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही कमांड चालवावी. आधी ‘ग्लोबल’ विभाग येतो आणि त्याखाली प्रत्येक जोडणीचा स्वतंत्र विभाग येतो. ‘ईएन’ने सुरू होणारे नाव केबलचे, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारे वायफायचे, आणि ‘टन०’ किंवा ‘डब्ल्यूजी०’ यांसारखे व्हीपीएनचे असते. यूएसबीने जोडलेला फोन लॅपटॉपला केबलसारखाच भासतो, त्यामुळे त्याचे नावही बहुधा ‘ईएन’ने किंवा ‘यूएसबी’ने सुरू होते. प्रत्येक विभागात तीन ओळी महत्त्वाच्या असतात: सध्याचा डीएनएस सर्व्हर, सर्व सर्व्हरांची यादी, आणि डीएनएस डोमेन, म्हणजे ज्या शेवटाची नावे त्या जोडणीकडे न्यायची तो शेवट.

त्याहून उपयोगी कमांड ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी’ ही आहे. तिच्यापुढे साइटचे नाव लिहिले की पत्ता तर मिळतोच, शिवाय त्याच ओळीच्या शेवटी ‘लिंक’ या शब्दापुढे ज्या जोडणीतून उत्तर आले तिचे नाव असते. माझा आग्रह असा आहे की काहीही बदलण्यापूर्वी ही एक ओळ वाचावी. मला आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींमध्ये उत्तर भलत्याच जोडणीतून येत होते आणि तक्रार करणारा दुसऱ्याच जोडणीचे सेटिंग बदलत बसला होता.

५. केबल आणि वायफाय दोन्ही चालू असतील, तर लॅपटॉप कोणाच्या डीएनएसला विचारतो?

येथे दोन वेगवेगळे निर्णय होतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे गोंधळ होतो. पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, कोणत्या वाटेने जावे, हे राउट मेट्रिकवर ठरते. नेटवर्कमॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० हा आकडा देतो, आणि लहान आकडा जिंकतो, म्हणून डाउनलोड केबलने होतो. नाव कोणाला विचारावे, याच्याशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही. रिझॉल्व्हड आधी नावाचा शेवटचा भाग कोणत्या जोडणीच्या डोमेनशी जुळतो ते पाहतो, आणि अनेकांशी जुळत असेल तर सर्वांत लांब जुळणी असलेल्या जोडणीला विचारतो. कोणाशीच विशेष जुळणी नसेल आणि सर्वसाधारण नावांसाठी एकाहून अधिक जोडण्या पात्र असतील, तर तो त्या सर्वांना एकाच वेळी विचारतो आणि पहिले होकारार्थी उत्तर स्वीकारतो.

एका जोडणीला निश्चितपणे पुढे ठेवायचे असेल, तर नेटवर्कमॅनेजरमधील ‘डीएनएस-प्रायॉरिटी’ हा आकडा बदलावा. येथेही लहान आकडा पुढे ठरतो. तो शून्य ठेवल्यास व्हीपीएनसाठी ५० आणि इतरांसाठी १०० धरला जातो. घरच्या फायबरला ४० दिले, तर सर्वसाधारण नावे त्याच जोडणीच्या सर्व्हरला विचारली जातील.

एक प्रसंग विशेष त्रास देतो. दुकानातील सीसीटीव्हीचा रेकॉर्डर पाहण्यासाठी लॅपटॉपला केबल लावली जाते, त्या केबलवर इंटरनेट नसते, पण तेथील राउटर स्वतःचा डीएनएस आणि बाहेरची वाट दोन्ही वाटत असतो. परिणामी वायफाय उत्तम चालू असूनही सगळे अडते. अशा केबलच्या प्रोफाइलमध्ये ‘आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट’ (या जोडणीची बाहेरची वाट घेऊ नये) आणि ‘आयपीव्ही४.इग्नोअर-ऑटो-डीएनएस’ (तिने दिलेला डीएनएस घेऊ नये) हे दोन्ही पर्याय ‘येस’ करावेत. त्यानंतर केबल फक्त रेकॉर्डरसाठी वापरली जाते.

६. एकाच वायफायसाठी माझ्या पसंतीचा डीएनएस कसा ठेवावा?

सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या नावाशेजारचे चाक दाबून आयपीव्ही४ च्या पानावर जावे, डीएनएसपुढील ‘ऑटोमॅटिक’ बंद करावे आणि खालच्या चौकटीत पत्ते लिहावेत. टर्मिनलवर हेच ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ या कमांडने होते: तिच्यापुढे जोडणीचे नाव, मग ‘आयपीव्ही४.डीएनएस’ व पत्ते, आणि मग ‘आयपीव्ही४.इग्नोअर-ऑटो-डीएनएस येस’. जोडणीच्या नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत लिहावे. बदल लगेच लागू होत नाही. ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ देऊन जोडणी पुन्हा उभी करावी लागते.

हे सर्व करूनही जुनाच डीएनएस दिसत असल्याची तक्रार फार येते. त्याचे कारण बहुधा आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची आयपीव्ही४ नंतरची पद्धत, असते. राउटर आयपीव्ही६ वरही आपला डीएनएस जाहीर करतो आणि त्याचे सेटिंग पूर्ण वेगळे आहे. म्हणून वरील दोन्ही पर्याय ‘आयपीव्ही६’ च्या नावानेही भरावेत. पत्त्यांची निवड ज्याची त्याची आहे, गूगलची ८.८.८.८ ही सेवा २००९ पासून, क्वाड९ ची ९.९.९.९ ही २०१७ पासून आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही २०१८ पासून सर्वांना खुली आहे.

७. सगळ्याच जोडण्यांसाठी एकच डीएनएस ठरवता येतो का?

येतो. /ईटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून ‘रिझॉल्व्ह’ विभागाखाली ‘डीएनएस=’ पुढे पत्ता आणि ‘डोमेन्स=’ पुढे ‘~.’ (म्हणजे ‘सर्व नावे’) लिहावे, आणि रिझॉल्व्हडची सेवा रिस्टार्ट करावी. नुसता पत्ता लिहून भागत नाही, कारण जोडण्यांचे सर्व्हरही विचारले जात राहतात. आणि एखाद्या जोडणीलाही ‘~.’ मिळालेले असेल तर दोघांनाही विचारले जाते. एका जागी ठेवलेल्या संगणकासाठी ही रीत ठीक आहे. फिरत्या लॅपटॉपसाठी मी ती सुचवत नाही. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

त्याच फाइलमधील ‘फॉलबॅकडीएनएस’ हा पर्याय नावावरून राखीव सर्व्हर वाटतो, पण तो तसा नाही. लॅपटॉपला दुसरा कोणताही डीएनएस माहीत नसेल तेव्हाच तो वापरला जातो. राउटरचा डीएनएस बंद पडल्यास तो मदतीला येत नाही.

८. पहिल्या सर्व्हरने ‘असे नाव नाही’ म्हटले, तर दुसऱ्याला विचारले जाते का?

नाही. ‘असे नाव नाही’ हेही एक पूर्ण उत्तर आहे आणि तेच अंतिम मानले जाते. यादीतील दुसरा सर्व्हर पहिला गप्प राहिला किंवा त्याने बिघाड कळवला तरच उपयोगी पडतो. म्हणून ऑफिसचा सर्व्हर पहिला आणि सार्वजनिक सर्व्हर दुसरा, असे एकाच यादीत लिहून दोन्हीकडची नावे मिळतील ही अपेक्षा चुकीची आहे. त्यासाठी पुढच्या प्रश्नातील रीत लागते.

९. व्हीपीएन लावले की ऑफिसची नावे सापडत नाहीत, किंवा ती सापडतात आणि बाकी सगळे मंदावते. काय करावे?

ऑफिसची नावे ऑफिसच्या सर्व्हरला आणि बाकीची घरच्या सर्व्हरला विचारली जावीत, अशी विभागणी करावी लागते. समजा ऑफिसची अंतर्गत नावे ‘ऑफिस.इंटर्नल’ याने संपतात. व्हीपीएनच्या प्रोफाइलमध्ये ‘आयपीव्ही४.डीएनएस’ पुढे ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता आणि ‘आयपीव्ही४.डीएनएस-सर्च’ पुढे ‘~ऑफिस.इंटर्नल’ लिहावे. या लहानशा नागमोडी चिन्हाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ते नसेल तर हे डोमेन अर्धवट नावांना जोडलेही जाते, म्हणजे ‘विकी’ एवढेच टाइप केले तरी ‘विकी.ऑफिस.इंटर्नल’ शोधले जाते. ते असेल तर डोमेन केवळ दिशा दाखवते: या शेवटाची नावे या जोडणीकडे न्या, एवढेच. ऑफिसमधील सहकारी अर्धवट नावे वापरत असतील तर चिन्हाविना लिहावे.

एवढ्याने बाकीची नावे घरच्या डीएनएसकडे परत येतीलच असे नाही. व्हीपीएनने बाहेरची सगळी वाटच ताब्यात घेतली असेल, तर नेटवर्कमॅनेजर त्याला ‘~.’, म्हणजे ‘सर्व नावे’, हे डोमेन आपोआप देतो, आणि प्रश्न ५ मधील ५० या आकड्यामुळे ते इतरांच्या पुढे ठरते. फक्त ऑफिसपुरते व्हीपीएन हवे असल्यास त्याच्या प्रोफाइलमध्येही ‘नेव्हर-डिफॉल्ट’ हा पर्याय लावावा. मात्र तसे करण्यास ऑफिसची परवानगी आहे ना, हे आधी विचारावे. अनेक ठिकाणी सर्व वाहतूक व्हीपीएनमधूनच जावी असा नियम असतो.

१०. याच्या उलट, व्हीपीएन चालू असताना एकही नाव घरच्या डीएनएसकडे जाऊ नये असे हवे आहे.

व्हीपीएनच्या प्रोफाइलमध्ये ‘आयपीव्ही४.डीएनएस-प्रायॉरिटी’ आणि ‘आयपीव्ही६.डीएनएस-प्रायॉरिटी’ या दोन्हींना ऋण आकडा द्यावा, उदाहरणार्थ -५०. ऋण आकड्याचा परिणाम फक्त क्रम बदलण्यापुरता नसतो: एकही ऋण आकडा असेल, तर सर्वांत लहान आकडा असलेल्या जोडणीचेच सर्व्हर उरतात आणि बाकीचे त्या वेळेपुरते बाजूला काढले जातात. घरच्या प्रिंटरसारखी राउटरकडून मिळणारी नावे तेव्हा सापडणार नाहीत, हे गृहीत धरावे. ब्राउझर या सगळ्याला वळसा घालू शकतो. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

११. कॅफे, लॉज किंवा स्टेशनच्या वायफायचे लॉगिन पान उघडतच नाही.

असे वायफाय लॉगिन होईपर्यंत बहुधा स्वतःच्याच डीएनएसला उत्तर देऊ देते आणि त्यातूनच आपल्याला लॉगिन पानाकडे वळवते. लॅपटॉपने बाहेरचा डीएनएस धरून ठेवला असेल, तर त्याचा प्रश्न अडवला जातो आणि पान येत नाही. म्हणूनच प्रश्न ७ मधील सरसकट सेटिंग फिरत्या लॅपटॉपला त्रासाचे ठरते. व्हीपीएन बंद करावे, त्या वायफायचा डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ ठेवावा, आणि ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपी’ने सुरू होणारी, म्हणजे कुलूप नसलेली, एखादी साइट उघडावी.

ज्यांनी रिझॉल्व्हडमध्ये ‘डीएनएसओव्हरटीएलएस=येस’ केले आहे, त्यांना ही अडचण हमखास येते. ही पद्धत प्रश्न कूटबद्ध करून ८५३ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवते, आणि ‘येस’ असताना कूटबद्ध उत्तर मिळाले नाही तर साधा मार्ग वापरतच नाही. घरातील अनेक साध्या राउटरांना हे जमत नसल्याने, डीएनएस राउटरचाच ठेवून ‘येस’ केले तर घरीही सगळे थांबते. ‘ऑपर्च्युनिस्टिक’ हा पर्याय जमेल तेथे कूटबद्ध आणि न जमेल तेथे साधा असा चालतो. फिरणाऱ्यांनी तो ठेवावा, पण मधल्या कोणी मुद्दाम अडथळा आणल्यास तो संरक्षण देत नाही.

१२. टर्मिनलवर ऑफिसचे नाव सापडते, पण फायरफॉक्समध्ये नाही. हे कसे?

ब्राउझर स्वतःचा कूटबद्ध डीएनएस वापरत असेल, तर तो रिझॉल्व्हडला विचारतच नाही. नाव थेट सार्वजनिक सेवेकडे जाते आणि तिला ऑफिसची अंतर्गत नावे माहीत नसतात. फायरफॉक्सच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये शेवटी ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ हा विभाग आहे. तो बंद करावा किंवा ऑफिसचे डोमेन त्याच्या अपवादांत लिहावे. क्रोममध्ये हेच सेटिंग ‘सिक्युअर डीएनएस’ या नावाने आहे.

१३. फोनच्या हॉटस्पॉटवर आल्यावर काही साइट जुन्याच पत्त्यावर जातात. साठवलेली उत्तरे पुसावीत का?

जोडणी बदलली की रिझॉल्व्हड आपली साठवलेली उत्तरे स्वतःच पुसतो. खात्री हवी असेल तर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ चालवावे. जुना पत्ता बहुधा ब्राउझरने धरलेला असतो, म्हणून ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा. हॉटस्पॉटवर डीएनएस म्हणून फोनचाच पत्ता दिसतो, आयफोनवर १७२.२०.१०.१, यात काळजीचे काही नाही. फोन प्रश्न पुढे पाठवतो.

१४. माझ्या डेबियनवर रिझॉल्व्हड नाही. मग वरचे किती लागू होते?

प्रश्न ६ पूर्ण लागू होतो. ९ मधील विभागणी लागू होत नाही. रिझॉल्व्हड नसताना नेटवर्कमॅनेजर सर्व जोडण्यांचे सर्व्हर /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये एकाखाली एक लिहितो. तेथे पहिले तीनच सर्व्हर वाचले जातात, प्रत्येकाची ५ सेकंद वाट पाहिली जाते, आणि कोणते नाव कोणाचे हा भेदच उरत नाही. यातून एक चमत्कारिक बिघाड होतो: केबल कंपनीचा सर्व्हर यादीत वर असतो, पण प्रश्न फोनच्या वाटेने बाहेर पडतो. असे सर्व्हर बहुधा स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतात, त्यामुळे प्रत्येक साइट उघडायला पाच-पाच सेकंद लागतात. उपाय दोन आहेत: सिस्टमडी-रिझॉल्व्हड हे पॅकेज बसवावे, किंवा डीएनएसमास्क हा तसाच दुसरा प्रोग्राम बसवून नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंग फाइलमधील ‘मेन’ विभागात ‘डीएनएस=डीएनएसमास्क’ लिहावे. हे दोन्ही प्रोग्राम नावांची विभागणी करू शकतात.

१५. ऑफिसची नावे ‘.लोकल’ने संपतात आणि ती कधीच सापडत नाहीत.

‘.लोकल’ हा शेवट त्याच स्थानिक नेटवर्कवरील यंत्रांनी एकमेकांना हाका मारण्यासाठी राखून ठेवला आहे, म्हणून अशी नावे सर्व्हरकडे पाठवलीच जात नाहीत. जुन्या ऑफिस नेटवर्कांवर मात्र तो सर्रास वापरला गेला. व्हीपीएनच्या ‘डीएनएस-सर्च’मध्ये ‘~लोकल’ लिहिल्यास रिझॉल्व्हड ती नावे ऑफिसच्या सर्व्हरलाही विचारतो. तरीही अडले, तर /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ मधील ‘होस्ट्स’ची ओळ पाहावी; तेथे ‘एमडीएनएस४_मिनिमल’ या शब्दापुढील ‘नॉटफाउंड=रिटर्न’ ही कंसातील सूचना शोध तेथेच थांबवते.

१६. मी बरेच काही बदलले आहे आणि आता काहीच चालत नाही. मूळ स्थितीवर कसे यावे?

क्रमाने जावे. फाइलला कुलूप घातले असेल तर ‘चॅटर -आय’ने काढावे, येथे ‘आय’पूर्वी वजाचे चिन्ह असते. मग ‘एलएन -एसएफ’ या कमांडने /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ कडे नेणारा दुवा /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ या नावाने पुन्हा करावा. ज्या जोडण्यांना हात लावला त्यांच्या ‘डीएनएस’ आणि ‘डीएनएस-सर्च’मध्ये रिकामी अवतरणचिन्हे द्यावीत, ‘इग्नोअर-ऑटो-डीएनएस’ व ‘नेव्हर-डिफॉल्ट’ पुन्हा ‘नो’ करावेत आणि ‘डीएनएस-प्रायॉरिटी’ शून्य करावी. आयपीव्ही६ साठीही हेच करावे. प्रश्न ७ मधील फाइल केली असेल तर ती काढावी. शेवटी सिस्टमडी-रिझॉल्व्हड आणि नेटवर्कमॅनेजर या दोन्ही सेवा, याच क्रमाने, रिस्टार्ट कराव्यात. मग व्हीपीएन न लावता, एकच जोडणी चालू ठेवून ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी’ चालवावी आणि उत्तरापुढे त्याच जोडणीचे नाव आले की दुसरी जोडणी लावावी.